भांड्याचा वाटा

३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात नवे साहेब आलेत. रंग कालवणाऱ्या प्रत्येकाने महिनाअखेर परीक्षा द्यायची म्हणतात. आधी लेखी, मग भांड्यावर, म्हणजे प्रत्यक्ष रंग कालवून. एकीतही नापास झाला तो कायमचा घरी. माझ्या वयाच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? भांड्याची चिंता नाही, पण लेखी म्हणजे तुझं बीजगणित! एक सोडवलंय, तपास. दोन पिंपांतल्या रंगाचं प्रमाण ७:४, पहिल्यात ३६ किलो जास्त, तर प्रत्येकात किती? माझं उत्तर ६३ आणि ३६.

लोभ आहेच, तो गणित बघूनही राहू दे.

तुझा धाकटा

८ जून

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग गणित तपासलं. अरे, ६३ मधून ३६ गेले की २७ उरतात. सातातून चार गेले, तीन वाटे राहिले. ३६ ला तिनाने भाग. वाटा बाराचा, म्हणून ८४ आणि ४८. तू चाराने का भागलंस? माझ्या वर्गातली पोरं शंभर तऱ्हांनी चुकतात, पण ही तऱ्हा नवीनच! भावजयीला सांग, पाच गणितं झाल्याशिवाय तुला चहा द्यायचा नाही.

माया करतेच, पण कानही धरीन.

तुझी ताई

१३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

चौथा वाटा भांड्याचा गं! घट्ट रंग भांड्याला चिकटतो, खरवडून निघत नाही. म्हणून कालवताना आम्ही एक वाटा जास्तच धरतो. तुझे २७ आणि भांड्याचे ९, झाले की ३६! हात आपोआप तिकडे जातो, मी काय करू? चहा मात्र खरंच बंद झालाय.

राग न धरता लिही.

तुझा धाकटा

१८ जून

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

चुकीचं असून जुळतं, हे बघून मीही चक्रावले. पण बाबा, गणितात भांडं नसतं. कशाला काही चिकटत नाही, काही वाया जात नाही. तो वाटा डोक्यातून काढून टाक. उठता-बसता घोक, सवय मोडेपर्यंत घोक. तुझी नोकरी गेली तर तुम्ही दोघं कुठे जाल, या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. सोबत चाळीस गणितं पाठवतेय.

जीव लावून सोडव, मीही जीव मुठीत धरून आहे.

तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

लेखीत मी सगळ्यांत वर आलो. प्रमाणाची आणि फरकाची सगळी गणितं बरोबर. साहेबांनी पाठ थोपटली.

दुपारी भांड्यावर निळा कालवायला दिला. चोख मोजून घातला, भांड्याचा वाटा धरलाच नाही. कापड बाहेर आलं ते जुन्या चादरीसारखं विटकं. साहेबांनी तिथेच नावावर काट मारली.

मुकादमाला वाईट वाटलं. साहेबांना गळ घालून त्याने दुसऱ्या दिवशी मला पुन्हा उभं केलं. मी रंग हातात घेतला आणि तो वाटा घालू की नको, हेच कळेना. सगळे बघत होते. तसाच उभा राहिलो, शेवटी मुकादमानेच हातातलं माप काढून घेतलं. घरी आलो तेव्हा तुझ्या भावजयीने न मागता चहा केला. तो तसाच निवून गेला.

तू मनाला लावून घेऊ नकोस, तू बरोबरच शिकवलंस.

लोभ असू दे. आता गणितं पाठवू नकोस.

तुझा धाकटा