मागच्या बाकावरचा नवा विद्यार्थी

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? आम्ही दोघं चालतोबोलतो आहोत, भांडतोही आहोत, तेव्हा काळजीचं कारण नाही, असं लिहिणार होते. पण तुमच्याशी खोटं बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

तुमच्या भावाला आलेला झटका सौम्य होता असं मी फोनवर म्हटलं. होताच. हात वाचला, पाय वाचला, जीभ तर (तुम्ही ओळखता) आधीपेक्षा तिखट झाली. फक्त अक्षरं गेली. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेला हा माणूस घरी आला आणि औषधाच्या बाटलीकडे बघून म्हणाला, "हे कुठल्या भाषेत आहे गं?" डॉक्टर म्हणाले, पहिलीपासून शिकवा. मी तर पहिलीचीच बाई! पण बायकोकडून 'क' शिकायचा म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी पाटी भिंतीवर आपटली. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंच्या हातापाया पडून ह्यांना रोज एक तास माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. (बसल्यावर गुडघे हनुवटीला लागतात.)

शेजारी आली भिंगरी. ही मुलगी वाचत नाही, चित्र बघून ठोकून देते. खाली 'होडी' लिहिलेलं असलं तरी 'नाव' म्हणते, आणि त्यात चूक काय हे तिला पटवताना माझा घसा बसतो. तिने आठवडाभरात ह्यांना हीच विद्या दिली. "आजोबा, आधी चित्र बघायचं. नाही जमलं तर बाईंच्या तोंडाकडे." मी सगळ्या चित्रांवर कागद चिकटवले. मग कुठे दोघांची बोटं अक्षराखाली सरकायला लागली. म, त्याला काना, मा. स, त्याला काना, सा. 'मासा' म्हणायला ह्यांना अख्खा तास लागला. मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली जाऊन रडून घेतलं (मुलांना सांगितलं, खडूची धूळ).

आणि गुरुवारी तपासणीला साहेब आले. मागे पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ बघून त्यांना वाटलं, वरच्या कचेरीतून कुणीतरी आधीच येऊन बसलंय! मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वाकून पुस्तक ह्यांच्या हातात दिलं. "आपणच वाचा, मुलांना आदर्श वाचन ऐकू दे." हे उभे राहिले. पहिला शब्द 'नदी'. ओठ हलले, आवाज फुटेना. चाळीस मुलं, पण एकही हसलं नाही, आणि वन्सं, हे काही मी शिकवलेलं नव्हतं. भिंगरी बाकावर चढली, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "न."

"न," हे म्हणाले.

"द ला दुसरी वेलांटी."

"दी."

असं करत दोघांनी चार ओळी वाचल्या. त्या पानावर चित्र नव्हतं, वन्सं. कार्टी खरंच वाचत होती! साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. घरी येताना हे एवढंच बोलले, "इतकी वर्षं मी नुसत्या चुकाच वाचल्या गं."

तुमची,
भावजय

ता. क. साहेबांचा शेरा आला: 'एक विद्यार्थी वयाने मोठा असून अक्षरओळख कच्ची. पालकांना बोलावून समज द्यावी.' सासूबाई-मामंजी आता नाहीत, तेव्हा पालक तुम्हीच. समज पोचली समजावी.

आणखी एक. तुमची पत्रं आली की हे खोलीत जाऊन दार लावून घेतात आणि बाहेर येऊन सांगतात, "ताई मजेत आहे." वाचून दाखवते म्हटलं तर उशीखाली सारतात. माझ्याकडून कळलं म्हणू नका, पण आता त्यांना तीनच ओळी लिहा, मोठ्या अक्षरांत, एकही जोडाक्षर न घालता. प्रकृती विचारू नका. तो शब्द फार अवघड आहे. 'बरा आहेस का' एवढंच विचारा.