अर्ध्या कोबीला पाऊण वाटी

थोरल्या ताईस मालसुनचा वाकून नमस्कार. हेनामला थंडी कशी आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि त्याचाच मला संताप आहे, कारण ह्या घरात निदान एका माणसाचं तरी पोट बिघडायला हवं होतं. (कोणाचं ते कळेलच.)

तुला माहीत आहे, लग्नापासून बावीस वर्षं सासूबाईंनी वर्षाच्या किमचीच्या मिठाला मला हात लावू दिला नाही. मुळे किसा, लसूण सोला, घमेली घासा, पण मीठ त्यांचं. यंदा हात थरथरतात म्हणून आपणहून म्हणाल्या, "सूनबाई, मीठ तू घाल. अर्ध्या कोबीला पाऊण वाटी." (कोबी उभा चिरूनच मिठात घालायचा, म्हणून त्यांचा सगळा हिशेब अर्ध्याचा.) मी तशीच घालणार होते, तेवढ्यात हेजूचे बाबा आले. गाडी शिकवायचा धंदा. चाक कोणाच्याही हातात असो, ब्रेक ह्यांच्या पायाखाली हवा. म्हणाले, "असं वाटी वाटी काय करतेस? आधी एका गड्ड्याचं प्रमाण काढ, मग चाळीसने गुण. पाऊणला अर्ध्याने भाग." इथवर ठीक होतं गं. पण उत्तर काढलं पाऊणचं निम्मं! म्हणजे अर्ध्या कोबीला पाऊण वाटी, आणि अख्ख्याला त्याहून कमी! मी म्हटलं, "अहो, अर्ध्याला पाऊण तर अख्ख्याला दीड." तर म्हणे, "भागलं की कमीच होतं. शाळेत झोपा काढल्यास का?" मी मांस शिजत ठेवायला आत गेले, तर ह्या गृहस्थाने मीठ लावून, पाणी ओतून, वर दगड ठेवून काम उरकलं, आणि तोंड वर करून मला सांगितलं की तुझ्याच हिशेबाने घातलं. नंतर गोण पाहिली तेव्हा कळलं, चौथाई मीठ घातलं होतं, ताई, चौथाई!

सकाळी कोबी ओल्या टॉवेलसारखा लवायला हवा, तो काडकन मोडला. मसाला भरायला आलेल्या बोंगबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगंबाई, हा अजून शेतातच उभा आहे की!" तरी आम्ही तसाच भरला. (का, ते खाली लिहिते.) आता आठ दिवसांत डब्यांत पाणी झालंय आणि वासाने झाकण उघडवत नाही. हे म्हणतात, हिशेब चोख होता, कोबीच भिकार. म्हणजे तुझा कोबी, ताई! तुझ्या शेतातला!

तुझी मालसुन

ता. क. तुझ्याकडचा मिठात मुरवलेला कोबी पाठव, चाळीस गड्डे. सोबत मिठाचं प्रमाण कळवू नकोस, हे लगेच भागायला बसतील.

पुन्हा ता. क. त्या सकाळी आणखी मीठ घालायला मी गोण पुन्हा उचलली होती गं. पण सासूबाईंनी एक पान तोडून चावलं आणि बोंगबाईंसमोर म्हणाल्या, "मीठ अगदी बेताचं. सूनबाईचा हात बसला." बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग गोण उघडवेना. वाटलं, लेकाला पाठीशी घालतायत. मनात फार बोलले त्यांना. पण काल सूपात मी मीठच विसरले, आणि त्यांनी वाडगा निपटून छान झालंय म्हणून सांगितलं. त्यांना चव कळत नाही, ताई. कोणाला बोलले नाही. खोक्यावर तुझं नाव घालू नकोस. मी जुनेच डबे धुऊन भरीन. त्या पुन्हा पान चाखतील, बेताचं म्हणतील, आणि ह्या वेळी ते खरं असेल.