दोन बोटं आभाळ

२ मार्च, सोमवार

परत आली! सोळाच्या सोळा पानं परत. संपादकबाईंनी वर पेन्सिलनं एकच शेरा मारलाय — 'आभाळ कुठंय?'

अहो, आहे की! प्रत्येक पानावर आहे. वरच्या कडेला. नीट बघा ना जरा.

करकोच्याच्या पिल्लाची गोष्ट, चित्रं माझी. पिल्लू उडायला शिकतं, एवढंच. उडायला आभाळ लागतं हे काय मला कळत नाही? रागानं कागद गुंडाळले आणि घरी आणले. बाबांनी विचारलं, 'काय झालं?' म्हटलं, 'काही नाही.'

३ मार्च

शेजारच्या टेबलावरचा टकलू — पानांची मांडणी तोच करतो — माझी जुनी नऊ पुस्तकं काढून पट्टी घेऊन बसला. मोजून झाल्यावर म्हणाला, 'बाई गं, सगळीकडे दोन बोटं! जत्रा असो, जंगल असो, आभाळ दोन बोटं. लोकांना आनंदात स्वर्ग दोन बोटं उरतो, तुला बारा महिने!'

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसता नळ सोडून उभी राहिले. नऊ पुस्तकं! मला एकदाही दिसलं नाही.

६ मार्च

मुदत ३१. तोवर आभाळ आलं नाही तर पुस्तक त्या नव्या चित्रकाराकडे, त्या शहाण्याकडे जाणार. तो स्क्रीनवर बोट फिरवतो आणि ढग उगवतात. आणि मी परत सराव-पुस्तिकांत. अ अननसाचा, छ छत्रीचा. सात वर्षं काढलेत मी अननस. पुन्हा नाही. मेले तरी नाही.

संपादकबाई वाईट नाहीत. म्हणाल्या, 'माणूस जिथं वाढतो तेच हातात उतरतं. तुझं गाव कुठलं गं? परिचयात ती जागा तू नेहमी कोरी ठेवतेस.'

'लिहा काहीही,' म्हटलं.

मागच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं — 'निसर्गाच्या कुशीत बालपण.' निसर्गाच्या कुशीत! कुशीत कसली, पोटात. दगडाच्या खाणीत वाढले मी. आई मी दीड वर्षाची असताना गेली. बाबा खडी फोडायला खाली उतरायचे आणि मला बरोबर न्यायचे. चारी बाजूंनी कापलेला दगड, वर चिंधीएवढं आभाळ. हे कुणाला सांगायचं? आणि कशाला?

१० मार्च

फोटो बघून आभाळ काढलं. चार पानं. निळं, पांढरे ढग, सगळं जागच्या जागी.

संपादकबाई बराच वेळ बघत राहिल्या. 'हे मेलेलं आहे गं,' म्हणाल्या.

११ मार्च

खरंय. मेलेलंच होतं.

१५ मार्च, रविवार

आज कंबर कसली. वही घेतली आणि इमारतीच्या गच्चीवर गेले. घर काय, ऑफिस काय, दोन्हीकडच्या खिडक्यांतून समोरच्यांची भिंतच दिसते. गच्चीवर तरी आभाळाला पर्याय नाही, म्हटलं.

वर बघितलं. दहापर्यंत मोजलं असेल, मानेत काहीतरी घट्ट झालं आणि मान आपोआप खाली. पुन्हा वर केली. पुन्हा खाली! तिसऱ्यांदा टाकीचा पाइप धरून मटकन बसले. तासाभरानं वहीत बघते तर काय — टाकी, कपड्यांची दोरी, आणि गच्चीच्या फरशीतल्या भेगा. भेगा मात्र फार सुंदर आल्यात.

तळमजल्यावरच्या काकू कपडे काढायला आल्या होत्या. 'काही हरवलं का गं?' म्हणाल्या. काय सांगू?

१९ मार्च

मान खाली का जाते ते मला पक्कं माहीत आहे. बाबांमुळे.

खाणीत सुरुंग लावला की तीन शिट्ट्या व्हायच्या. पहिलीला हातातलं टाकायचं. दुसरीला कपारीत पळायचं. तिसरीला आम्ही पोरांनी घमेलं डोक्यावर पालथं घालून बसायचं. मान खाली, शंभरापर्यंत मोजायचं. मग धडाम! घमेल्यावर खडे वाजायचे. वर बघायचं नाही म्हणजे नाही. एक कपची डोळ्याला पुरते.

आणि पुरावा घरातच होता. बाबांचा डावा डोळा. 'वर बघितलं म्हणून गेला,' एवढंच सांगायचे. रोज. जेवताना, वेणी घालताना. मी जराशी मान वर केली की हनुवटीला बोट लावून खाली करायचे. अजून करतात! अडतीस वर्षांची घोडी झाले मी. परवा रस्त्यावर कसलासा मोठा आवाज झाला तर माझ्या डोक्यावर हातच ठेवला, चारचौघांत.

२० मार्च

काही नाही. एक ढग काढला. दगडासारखा दिसतो.

२३ मार्च

आठ दिवस उरले. डोकं चालत नाही. शहाणा आज ऑफिसात येऊन गेला. माझ्या टेबलाजवळ थांबला, पानं चाळली, म्हणाला, 'डोंगर जबरदस्त हं!' डोंगर! संपादकबाईंनी त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं. टकलूनं मला न विचारताच चहा आणून ठेवला. म्हणजे समजायचं ते मी समजले.

२७ मार्च, शुक्रवार

आज फार वाईट बोलले. लिहायलाही लाज वाटते.

बाबा सकाळपासून खोकत होते. छातीतली धूळ काही सुटत नाही. मी पानं जमिनीवर पसरून बसले होते. ते भिंत धरत आले, उजव्या बाजूनं वाकून एकेक पान बघितलं. त्यांना माझ्या कामात कधी रस नव्हता. आज मात्र चेहरा असा खुलला! करकोच्याच्या मागच्या डोंगरावर बोट ठेवून म्हणाले, 'हा थर असाच सुटतो बघ. आणि हा वरचा टप्पा. आपलाच आहे की हा. झकास काढलायस!'

डोंगर कुठला? गोष्टीतला डोंगर काढला होता मी! पण बघितलं तर खरंच. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दगड. सोळा पानांवर खाणच काढून ठेवलीय. पिल्लू बिचारं तळाशी.

आणि माझा तोल गेला. 'आपलं काही नाही त्यात!' ओरडलेच. 'तुम्ही वर बघितलंत, तुमचा डोळा गेला. शिक्षा मला का? जन्मभर मान खाली घालून ठेवलीत माझी! त्या खड्ड्यातून बाहेर काढलंत कशाला मग?'

बाबांनी पान होतं तसं खाली ठेवलं. कडा जुळवून ठेवलं.

२८ मार्च

बाबा जेवले नाहीत. कपाटाकडे तोंड करून बसलेत. 'चहा घेता का?' विचारलं तर मान हलवली. सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं, 'गोळी घेतली का?'

शेवटी आत्याला फोन केला. त्यांच्याच पाठची बहीण, तिचं तरी ऐकतील.

२९ मार्च, रविवार

आत्या आली. आधी दोघांना जबरदस्तीनं जेवायला घातलं. मग मला स्वयंपाकघरात ओढलं. 'काय बोललीस दादाला?'

सांगितलं. सगळं. आत्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

'वर बघितलं म्हणून डोळा गेला, हे खरं,' म्हणाली. 'पण कशाला बघितलं ते विचारलंस कधी? वीस वर्षं खाणीत काढलेला माणूस, तिसऱ्या शिट्टीनंतर वर बघेल का उगाच? अगं, तू नव्हतीस! कपारीत सगळी पोरं, तू नाहीस. चार वर्षांची होतीस. घमेलं टाकून वरच्या टप्प्यावर चढलेली. उताणी पडून आभाळ बघत बसायचीस तू. रोजचंच होतं तुझं. दादा कपारीतून बाहेर धावला, वर बघितलं आणि तेवढ्यात सुरुंग उडाला. रक्तानं भरलेल्या तोंडानं वर चढला आणि तुला काखेत मारून खाली आणलं. तुला खरचटलंसुद्धा नव्हतं.'

'मला कुणी का नाही सांगितलं?' म्हटलं.

'शपथ घातली होती त्यानं. पोरीच्या डोक्यावर ओझं नको म्हणाला.'

आत्या गेली. मी ओट्याशी उभीच. मी! आभाळ बघत बसायचे मी. रोज. मला यातलं काहीसुद्धा आठवत नाही. घमेल्याखालचा अंधार तेवढा आठवतो.

३० मार्च

ऑफिसला गेले नाही. बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. विचारलं, 'त्या दिवशी वर काय दिसलं?'

आधी खोकून घेतलं. मग म्हणाले, 'पाय दिसले तुझे. काठावरून लोंबत होते. आणि मागं सगळं आभाळ. दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं तेच शेवटचं.'

कोरा कागद घेतला. अगदी वरच्या कडेला दोन पाय काढले, चार वर्षांच्या पोरीचे. खाली सगळा कागद रिकामा, आभाळासाठी. निळा रंग कालवला, पहिला हात मारला.

बाबा वाकले. 'पूस ते,' म्हणाले. 'एवढं निळं नव्हतं.'