गाडीला आवाज नाही

रविवार, ६ जुलै

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मीच, त्यामुळे खुशाली कळवायला दोन ओळीही लागत नाहीत. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. तुझ्या आईच्या कुंड्यांपैकी तीन जगल्या. बाकीच्या मी जास्त पाणी घालून मारल्या.

पत्र बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, काही झालेलं नाही. अक्षर तेवढं सांभाळून घे. या हाताने चाळीस वर्षांत गॅरेजच्या जॉबकार्डाखेरीज काही लिहिलेलं नाही.

रविवारचा कट्टा अजून भरतो. पेट्रोल पंपासमोर सकाळी सातला सगळे आपापल्या जर्मन गाड्या पुसून आणतात, बॉनेट उघडतात आणि लेकीचं स्थळ दाखवावं तसे शेजारी उभे राहतात. मास्तरांचं अजून तेच. दार लावलं की ‘धप्प’ आवाज आला पाहिजे, ‘खट्ट’ आला तर तो पत्र्याचा डबा. गेल्या महिन्यात बँकवाल्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि चोरी पकडली गेल्यासारखे कट्ट्यावर आले. “माझी नाही हो, हिची आहे,” म्हणाले. त्यावर मास्तर, “रात्री उशाशी लावून झोपता का, मोबाइलसारखी?” मग आठ वर्षांनी बॅटरी मेली की काय, थंडीत किती उतरते, पाण्यातून नेली तर शॉक बसतो का, यावर तासभर रणकंदन. एकानेही बॅटरी उघडी पाहिलेली नाही. तू असतीस तर पाच मिनिटांत सगळ्यांची तोंडं बंद केली असतीस.

मी तिथे होतो असं वाटेल. नव्हतो. हे सगळं बँकवाल्यांनी मेसेज करून कळवलं. मार्चपासून मी कट्ट्यावर गेलेलो नाही. सगळे हसले की मीही हसायचो, पण माझं हसू नेहमी एक क्षण उशिरा यायचं. एकदा कुणाच्या तरी आजारपणाची गोष्ट चालली होती आणि मी हसलो. त्यानंतर गेलो नाही.

आपली लाल गाडीही तेव्हापासून उभीच. परवा कव्हर काढून किल्ली फिरवली तर ढिम्म. बॅटरी उतरली होती. बघ, आमच्या जर्मनलासुद्धा शेवटी बॅटरीच लागते. हा विनोद तुझ्यासाठी राखून ठेवला होता.

आणि गॅरेज बंद केलं. हे आधी लिहायला हवं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तुला आठवत असतील, त्यांच्या वडिलांची राखाडी जर्मन गाडी माझ्याकडेच यायची. बावीस वर्षांची झाली. फेब्रुवारीत बाई आल्या, म्हणाल्या, “काका, सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद खडखडते.” मी बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. तुला लहानपणी याच स्क्रू-ड्रायव्हरमधून इंजिन ऐकवायचो. तू म्हणायचीस, आत कोणीतरी दाणे भाजतंय.

मी बाईंना सांगितलं, “आवाज नाही.”

“मला येतोय ऐकू, काका.”

“बाई, तुम्ही दात बघा. इंजिन मी बघतो.”

नऊ दिवसांनी उड्डाणपुलावर इंजिनातली टायमिंग चेन सुटली आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. मागच्या सीटवर बाईंचे वडील, मागून ट्रक. ट्रकवाल्याने सगळा जोर लावून ट्रक कठड्यावर घातला म्हणून बरं. तरी गाडीचा मागचा कोपरा गेलाच. म्हाताऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, भिंगरी. दोन महिने पाठीवर पडून होता.

चेन सैल झाली की थंड इंजिन खडखडतं. हे माझ्या धंद्यातलं पहिलं अक्षर. कुणीही ओळखलं असतं.

बाई गॅरेजवर आल्या. ओरडल्या की नाही मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो आणि मान हलवत होतो. मध्येच त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावरचं जॉबकार्ड ओढलं, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं: ‘काका, तुम्हाला ऐकू येत नाही का?’

मी म्हणालो, “येतं की.”

त्या रडायलाच लागल्या. मी त्यांचा बाप मारता मारता राहिलो होतो, आणि त्या माझ्यासाठी रडत होत्या. त्याच आठवड्यात शटर ओढलं. गिऱ्हाइकांना सांगितलं गुडघा दुखतो.

आता कळलं असेल फोन का नाही ते. तीन वर्षांपासून सुरू आहे हे. आधी उंच आवाज गेले, मग शब्दांच्या कडा. तुझ्या आईला ठाऊक होतं. माझ्या वाटचं सगळं तीच ऐकायची आणि तोंड माझ्याकडे करून परत सांगायची, कुणाला पत्ताही लागू द्यायची नाही. ती गेली आणि एकदम सगळं शांत झालं. लोकांना वाटलं मी दुःखात आहे म्हणून बोलत नाही. दुःखात होतोच. पण ते सोयीचंही पडलं.

तुझे फोन यायचे. पहिले उचलले. शेवटचा उचलला तेव्हा तू काहीतरी विचारलंस, मी नेहमीसारखं “हो हो, बरं” म्हटलं, आणि फोन बंद झाला. मला वाटलं लाइन तुटली. पुढे तुझी मावशी घरी येऊन अगदी तोंडापुढे तोंड आणून भांडली, तेव्हा कळलं तू काय विचारलं होतंस. “बाबा, मी आलेली तुम्हाला नको असते का?”

त्यावर माझं “हो हो, बरं”.

त्या दिवशीच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. ज्याच्याबद्दल गावभर म्हणायचे की याला नुसती गाडी ऐकवा, उघडायची गरज नाही, त्याने बहिरा झालो म्हणून कसं लिहायचं? लेक नाराज झाली तरी चालेल, कीव नको, असा माजोरीपणा. पुढेही तुझं नाव स्क्रीनवर उजळायचं आणि मी विझेपर्यंत बघत बसायचो. नोव्हेंबरपासून तेही आलं नाही.

मे महिन्यात कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. मी वाट बघत बसलो. बरीच वाट बघितली. शेवटी दार उघडून विचारलं, “सुरू कधी करणार?” ती मुलगी म्हणाली, “काका, संपलं.”

आता मशीन आहे. समोरच्याचं बोलणं बरंच कळतं, फोनवर मात्र शब्द अजून फाटतात. घरातला पंखा इतका कुरकुरतो हे मला माहीत नव्हतं. तू दर सुट्टीत सांगायचीस.

गेल्या मंगळवारी बँकवाल्यांच्या बायको ती इलेक्ट्रिक गाडी घेऊन दारात. चालताना घूंऽऽ होतं, कंपनीवाले म्हणतात काही नाही. मी म्हटलं, बाई, चुकीच्या माणसाकडे आलात. पण गेल्या नाहीत. मग चाक उचललं, स्प्रिंगवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. हाताला बारीक वाळू लागल्यासारखं झालं. बेअरिंग गेलेलं. कानाची काही गरज पडली नाही. बदलल्यावर बाईंनी मला शेजारी बसवून चक्कर मारली. पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते, असं त्या म्हणाल्या. मी थक्क झालो. चाळीस वर्षं आम्ही ती सगळी ताकद ब्रेकच्या चकत्यांत जाळून हवेत सोडली! हे मला आधी कुणी का नाही सांगितलं, असं म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं. तू सांगितलं होतंस. गेटपाशी, तुझी पहिली गाडी घेऊन आलीस त्या दिवशी. मी ऐकलं नाही. आणि तेव्हा माझे कान बरे होते.

“मिक्सरला चाकं लावून आणलीत,” असं मी चार माणसांत म्हणालो. तुझा चेहरा पाहिला होता मी. रागाने तुझ्या गाडीत बसलो नाही; तो राग आठच दिवस टिकला. तुझी आई बसली. परत आल्यावर मला म्हणाली, “तुम्ही काही म्हणा, वळणावर पोरगी अगदी तुमच्यासारखी जीभ दाताखाली धरते.” मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. तुला सांगायला हवं होतं, पण तू तोवर बॅग भरत होतीस, आणि पुढे सांगणारीही गेली.

तू त्या प्रयोगशाळेत बॅटऱ्यांचं नेमकं काय करतेस, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. सावकाश सांग, आणि माझ्याकडे तोंड करून सांग.

येणार असशील तर बेल वाजवत उभी राहू नकोस. मशीन काढून बसलो असलो तर कळायचं नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. सरळ आत ये आणि खांद्याला हात लाव. दचकलो तरी चालेल.

तुझ्यावर आठ दिवसांपेक्षा जास्त कधीच न रागावलेला,
बाबा