एका वर्षाची सूट

१४ मे १९७८, सकाळ
आजपासून रोजनिशी. रशियनमध्ये लिहिणार होतो, म्हणजे घरात कुणाला वाचता आली नसती. पहिल्याच वाक्याला अडलो. सराव सुटलाय, दुसरं काही नाही. मराठीतच बरं.

परिस्थिती अशी. सहा वर्षं बर्फात राहून मी डॉक्टर झालो. परत आलो तर कौन्सिल म्हणते, इथल्या सरकारी दवाखान्यात वर्षभर शिकाऊ म्हणून राबा, मग रजिस्ट्रेशन देऊ. विलायतेहून आलेल्याला ही अट नाही. फक्त आम्हाला. हा सरळ सरळ अन्याय आहे. म्हणून आजच संघटना काढली. अध्यक्ष मी. सचिव भैय्याजीकाका. ते रेल्वेतून रिटायर झालेत आणि त्यांच्याकडे टाइपरायटर आहे. तूर्तास एवढेच सभासद.

संकल्प : कौन्सिलला कडक निवेदन द्यायचं. रजिस्ट्रेशन मिळेपर्यंत प्रॅक्टिस नाही, कुणी आलंच तर नुसता सल्ला. मारोतरावांचा विचार करायचा नाही.

१५ मे
केला.

एकदा लिहून मोकळा होतो. मारोतराव आमच्या मागच्या गल्लीतले. इतवारीत भांड्यांचा ठेला ओढायचे. गेल्या आठवड्यात भर दुपारी बायको त्यांना धरून घेऊन आली. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, बोलणं बरळल्यासारखं. बैठकीतल्या बाकावर झोपवून तपासलं. निदान : तीव्र इन्फेक्शन. आमच्या प्रोफेसरबाई पहिल्याच वर्षी सांगायच्या की तापाच्या पेशंटला वाऱ्याचा झोत लागला तर तो गेलाच समजा. मी कूलर बंद करायला लावला, खिडक्या लावून घेतल्या आणि माझं रशियाहून आणलेलं ब्लँकेट त्यांच्या अंगावर घातलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. संध्याकाळी गेले.

वय झालं होतं. पंचेचाळीस. शिवाय मी सल्ला दिला होता, ट्रीटमेंट नव्हे.

१७ मे, दुपारी
बैठकीत गेलो तर बाकावर मारोतराव बसलेले. ब्लँकेट पांघरून, डोक्याला दुपट्टा. मोठ्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तसे.

कारण : टायपिंगचा कागद सतत बघून डोळ्यांना थकवा. व्हिटॅमिन ए कमी पडलं असणार. गाजर खायचं ठरवलं. मे महिन्यात गाजर कुठलं मिळायला. दोन आंबे खाल्ले.

१८ मे
आंब्यांचा उपयोग नाही.

१९ मे
बाक उचलून अंगणात ठेवला. साधा उपाय, आधीच सुचायला हवा होता. परत येऊन बघतो तर ते भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. वयानं मोठा माणूस जमिनीवर बसलेला बरा दिसत नाही. बाक परत आणला.

संध्याकाळी आई विचारत होती, 'काहून गा केशव, कूलर बंद करून असा शिजून राहिला?' मी म्हटलं, वीज वाचवतोय. खरं कारण असं की कूलर सुरू केला की ते माझ्याकडे बघतात. रागानं नाही. नुसतं बघतात. राग असता तर मी त्याचं काही केलं असतं.

२१ मे
निवेदन झकास जमलं. पहिला मुद्दा, विलायत आणि रशिया यांत भेद करू नये. याला कुणाकडे उत्तर नाही. दुसरा, परीक्षा घ्यायची तर सगळ्यांची घ्या. तिसरा मुद्दा माझा खास : माणसाचं शरीर आणि त्याचे रोग जगात सगळीकडे सारखेच असतात, सबब वर्षभर शिकाऊ राहण्याची अट निरर्थक आहे.

इथे काकांनी टायपिंग थांबवलं. म्हणाले, 'तिकडं बर्फात लू लागते का गा?' मी म्हटलं, उष्माघात पुस्तकात आहे, एक पान. ते म्हणाले, 'इथं दोन महिने लागते.' सचिवानं टाइप करावं, चर्चा करू नये, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मुकाट्यानं टाइप केलं. निवेदन पोस्टात पडलं.

२२ मे
झोप नाही. लू. लहानपणी उन्हाळ्यात बाहेर निघालो की आई माझ्या खिशात कांदा कोंबायची. गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं. मी पण ओळखत होतो. सहा वर्षांत कुठे गेलं ते?

मारोतरावांची बायको वच्छलाबाई त्या दिवशी माझ्या शेजारीच उभी होती. तिनेही ओळखलं असणार. पण रशियाचा डॉक्टर म्हणतो म्हणून तिनं एक शब्द काढला नाही. खिडक्या तिनेच लावल्या.

मला भीती वाटते. भुताची नाही. नक्की कशाची ते उद्या लिहीन.

२३ मे
वेळ मिळाला नाही.

२५ मे
आजपासून नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. पण आनंदाची बातमी. कौन्सिलनं आमच्या बॅचला अटीतून सूट दिली. माझं निवेदन पोचायच्या आधीच तो निर्णय झाला होता, असं काका म्हणतात. काकांना राजकारण कळत नाही. दबाव आधीपासूनच जाणवत असतो. शिकाऊपणा नाही, परीक्षा नाही, रजिस्ट्रेशन सरळ हातात. न्याय झाला. आईनं संत्रा बर्फी वाटली. बोर्ड रंगवायला टाकला : डॉ. केशव भोयर (रशिया). कंसातला शब्द लाल रंगात.

मारोतरावांनी अभिनंदन केलं नाही. बाकावर जरा पुढे सरकून बसले. नंबर लागला असं त्यांना वाटलं असावं.

२७ मे
बोर्ड लागला. बैठकीचा दवाखाना केला. पहिला दिवस म्हणून आईनं पहाटेच कूलरमध्ये पाणी भरून तो सुरू केला. मी बंद केला नाही. बाकाकडे पाठ करून बसलो.

दुपारी पहिला पेशंट. वच्छलाबाई. खांद्यावर मुलगी, चारुलता, आठवी-नववीतली. उन्हात कुठेतरी पडली म्हणे. अंग तव्यासारखं. घाम नाही. बरळत होती.

मी म्हटलं, हिला सरकारी दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, 'तिथं शिकाऊ पोरं राह्यतात, साहेब. मले पक्का डॉक्टर पायजे.' मग म्हणाल्या, 'तुमी त्यायच्यासाठी किती केलं, आपलं सोताचं कांबळ देल्लं.' असं म्हणून त्यांनी पोरीला बाकावर ठेवलं, आणि मी काही सांगायच्या आत उठून आपणहून कूलर बंद केला. खिडक्या लावल्या. नंतर ब्लँकेट शोधायला लागल्या.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. कूलर लावला, पाण्याची बादली पोरीच्या अंगावर ओतली, ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातली. रिक्षात वच्छलाबाई माझ्या हातातल्या ओल्या चादरीकडे बघत होत्या.

२८ मे
मुलगी वाचली. सकाळी शुद्धीवर आली, आईला ओळखलं.

काल सरकारी दवाखान्यात ड्यूटीवर एक शिकाऊ डॉक्टर होती, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान मुलगी. तिनं पोरीच्या कपाळाला नुसता हात लावला आणि बर्फ मागवला. पुस्तक नाही, विचार नाही. पोरीला आत नेऊन झाल्यावर बाहेर आली. मी दारात उभा होतो. मला पोरीचा काका समजून म्हणाली, काका, ओलं करून आणलंत ते बरं केलंत. मग कागद पुढे ओढून विचारलं, इथे आणायच्या आधी कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

वच्छलाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.