रविवारी येऊ नकोस

लालबाग,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अपेक्षाला आईचे आशीर्वाद. एक तुला, एक पोटातल्याला. मयूररावांनाही आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

म्हणशील, आईला झालंय काय, फोन उचलत नाही आणि कुरिअरने पत्र पाठवते! आधी मुद्द्याचं. रविवारी मयूरराव तुला बाळंतपणाला इथे आणून सोडणार आहेत, ते रद्द करा. येऊ नकोस. चाळीत संडासांचं काम काढलंय, तीन मजल्यांना मिळून एक चालू आहे. जिन्याच्या दोन पायऱ्या निखळल्यात. नाशिकला डॉक्टर चांगले आहेत, सासूबाई हौशी आहेत.

रागावलीस ना? पहिलं बाळंतपण माहेरी, हे मीच वर्षभर घोकत होते. डिंक आणून ठेवलाय, दुपटी शिवून झालीत.

इकडे आमच्या डॉक्टर मंडळाचं काम जोरात. तुझं लग्न झाल्यावर रिकामपण खायला उठलं म्हणून मी त्यात शिरले, आता सोडवत नाही. लालबाग-परळचे आपले दवाखानेवाले डॉक्टर रविवारी कुठल्या तरी चाळीच्या तळमजल्यावर फुकट तपासायला बसतात. त्याआधी आम्ही बायका घरोघर फिरून कागद भरतो. ताप येतो का, वजन उतरलंय का, दोन आठवड्यांवर खोकला आहे का. गेल्या वर्षी शेजारच्या कमलाबाईचं नाव मीच घातलं. केवढी भांडली! "माझ्या पोराचं लग्न मोडायला निघालीस," म्हणाली. मी काय ऐकून घेणार? भर गॅलरीत सुनावलं, "खोकला झाकून रोग झाकतो काय गो?" टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन ठणठणीत झाली, आता स्वतःच मंडळाचे कागद घेऊन फिरते. माझ्याशी मात्र अबोला होता, गेल्या आठवड्यापर्यंत.

मंडळाचा एक नियम आहे. फिरणाऱ्या बाईने आपल्या घराचा कागद आपण भरायचा नाही, दुसऱ्या बाईकडून भरून घ्यायचा. मंडळाचे डॉ. अभय पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बकुळाताई, आपल्या घरातलं आपल्याला दिसत नाही." मी मान डोलावली. आणि सप्टेंबरअखेर माझा कागद मीच भरला. सगळीकडे 'नाही'.

खोकला होता गं. गणपतीपासून होता. गुलालाने घसा धरलाय, असं मीच मला सांगत होते. खरं सांगू? नवरात्रात तुझं डोहाळजेवण होतं. 'हो' लिहिलं असतं तर तपासणी आली असती, आणि काही निघालं असतं तर मला नाशिकला कोण येऊ देणार? तुझी ओटी मला भरायची होती. एवढीच हाव होती बघ.

गेल्या मंगळवारी कमलाबाईने दार वाजवलं. हातात कोरा कागद. भिंतीपलीकडून किती दिवस ऐकत होती कोण जाणे. म्हणाली, "बकुळा, तू सांगतेस की मीच लिहू?" मी बोलायला तोंड उघडलं आणि ढासच लागली. तिने लिहिलं.

बेडका तपासला. टीबी आहे. शनिवारपासून गोळ्या चालू आहेत.

फोन उचलत नव्हते ते याचसाठी. खोकला ऐकून तू विचारलं असतंस आणि मी पुन्हा गुलालाचं नाव घेतलं असतं. संडासाचं काम खरं आहे, पण तेवढ्यासाठी मी तुला येऊ नको म्हणेन का?

पुढचं लिहवत नाही, तरी लिहिते. नाशिकला चार दिवस मी तुझ्याच खोलीत होते, एका गादीवर, खिडक्या लावून. माझ्या हाताने तुला भरवलं. डॉ. अभयना हे सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "तिची तपासणी लगेच व्हायला हवी. घरातल्या सगळ्यांचीच." तर बाय माझे, पत्र मिळेल त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा आणि स्पष्ट सांग, आईला टीबी निघालाय, मी तिच्याजवळ झोपले होते. पुढचं त्या ठरवतील. काही निघालंच तर औषध आहे, गरोदरपणीही देतात. उशीर मात्र करू नकोस. उशीर कसा होतो ते तुझ्या आईकडून शिक.

सासूबाईंना सांग. काल मी लिहिलं होतं, 'गुपचूप तपासून घे, घरात बोलू नकोस.' तो कागद फाडला. कमलाबाईला भर गॅलरीत शिकवणारी मीच ना! बोलणी बसतील. माझ्या नावाने बसू देत.

डॉक्टर म्हणतात, गोळ्या नीट घेतल्या तर काही आठवड्यांत माझ्यापासून धोका बहुतेक राहणार नाही, तपासून सांगू. 'बहुतेक'वर मी तान्ह्या बाळाला घरात आणणार नाही.

तू हट्टी आहेस. म्हणशील, आई एकटी आहे, मी जातेच. आलीस तर मी दार उघडणार नाही. गॅलरीत रडत बसलीस तरी नाही. आतून ओ सुद्धा देणार नाही, कारण ओ दिली की मी उघडेन.

तपासणी झाली की फोन कर. उचलेन. शिव्या द्यायच्या तर दे, पण आधी रिपोर्ट सांग.

आतून कडी लावून बसलेली,
तुझी आई