घरबसल्या एम.ए.

७ जुलै २०२५, सोमवार
ऑनलाइन एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय शिक्षणशास्त्र. वय त्रेपन्न, पण मेंदू चाळिशीतला. आमचे उपमुख्याध्यापक पुढच्या मे महिन्यात रिटायर. संस्थेचं म्हणणं, एम.ए.चं पहिलं वर्ष पास असेल त्यालाच ती खुर्ची. म्हणजे मलाच. अख्ख्या मुलुंडात माझ्याइतका मुरलेला भूगोलाचा शिक्षक नाही. उद्यापासून पहाटे साडेचारला उठणार.

८ जुलै, सकाळी ७.४०
साडेचारला मन उठलं होतं. गजर जयंतीने बंद केला. नवऱ्याची प्रगती बघवत नाही.

२० जुलै
पहिलं लेक्चर. दोनशे पानी वही घेतली, लाल पेनने समास आखायला बसलो. साठाव्या पानापर्यंत आलो तर लेक्चर संपलं. हरकत नाही, पाया पक्का झाला. गंधाली म्हणाली, बाबा, नोट्स पीडीएफमध्ये येतात हो. येऊ देत. आमच्या लेकीला मेहनतीची किंमत नाही.

१५ सप्टेंबर
प्रात्यक्षिक: शिक्षकाने वर्गात पंधरा मिनिटं गप्प बसायचं, मुलांनी आपसांत शिकायचं. सव्वा मिनिट बसलो. पोरं नैऋत्य मोसमी वारे हिमालयाकडून आणत होती, माणसाने बघत राहायचं? अहवालात ‘सुमारे पंधरा’ लिहिलं.

११ जानेवारी २०२६
शाळेतल्या चेतनानेही जुलैपासून हाच कोर्स धरलाय. पोर लहान, डबे, सासूचं आजारपण. कीव आली. म्हटलं, अगं, घाई करू नकोस, अडलं तर मला विचार. तिने लगेच विचारलं, सर, तुमचं कितवं युनिट चाललंय? मी सहलीचा विषय काढला.

१० एप्रिल
नऊ युनिटं बाकी, नऊ दिवस हातात. झकास जुळलंय. फक्त उद्या कांदिवलीला मेहुणीकडे साखरपुडा आहे.

१९ एप्रिल, दुपारी २
परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. सुरुवात फर्स्ट क्लास. दहा मिनिटांनी पाय आपोआप उठले. अठ्ठावीस वर्षं पेपर सुरू झाला की मी बसलेला नाही. हात मागे बांधून हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. भाजी निवडणाऱ्या जयंतीला म्हटलं, मान खाली. ती म्हणाली, अहो, परीक्षा तुमची आहे, बसा ना! बसलो. पुन्हा उठलो. स्क्रीनवर लाल अक्षरं येत होती, नेटचा प्रॉब्लेम असणार. पाऊण तासाने पेपर आपोआप बंद. एवढ्यातच त्यांना माझी तयारी कळली असावी.

१२ मे
निकाल. पेपर रद्द. कारण: उमेदवाराने एक्केचाळीस वेळा जागा सोडली. मला वाटतं, तीसच असेल.
चेतना पास. संस्थेचं पत्रही निघालं, जूनपासून तीच उपमुख्याध्यापक. शेवटी माझंच मार्गदर्शन. अभिनंदनाचा फोन केला. ती म्हणाली, सर, नववी ब तुम्हीच सांभाळा हं, बाकी कोणाचं ती पोरं ऐकत नाहीत. बरं वाटलं. हो म्हटलं.
फोन ठेवल्यावर जयंतीने विचारलं, कोण होतं?
म्हटलं, चेतना मॅडम.